वीस श्वासांची अट

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०३६. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी करंजमुऱ्याच्या प्राथमिक शाळेतल्या हवापेटीने वर्गात एकतीस माणसे श्वास घेत असल्याची नोंद केली. शाळेचा पट अकरा होता. दुपारी अडीच वाजता त्याच पेटीवरची हिरवी खूण लाल झाली. वर्गाच्या हवेत क्षयाचे जंतू होते.

दोन्ही नोंदी साताऱ्याच्या सर्वेक्षण कक्षात पोचल्या आणि पहिलीने दुसरीला अडवून धरले. श्वास आणि पट जुळत नसतील तर नोंद संशयित, आणि संशयित नोंदीवर वैद्यकीय पथक जात नाही. पुढच्या मंगळवारी पेटीने सत्तावीस श्वास मोजले. खूण पुन्हा लाल.

"गंमत बघा," कक्षप्रमुख देशमाने खुर्ची मागे रेलवत म्हणाले. "आजवर पटावर साठ आणि वर्गात तीस, हे पाहिलं. पटावर अकरा आणि वर्गात एकतीस, हे पहिल्यांदाच."

"पुढच्या महिन्यात पट एकतीस दाखवायचा असेल," निलोफर मुलाणी म्हणाली. "आधी पेटीला सवय लावायची, मग कागद करायचा."

"मग जाऊन या. प्रश्न एकसष्ट. होय किंवा नाही. तिसरा रकाना नाही."

निलोफर अकरा वर्षे जिल्ह्यातल्या शाळांची आरोग्य आणि सुरक्षा तपासत होती. चौऱ्याऐंशी प्रश्नांचा नमुना तिला तोंडपाठ होता. अग्निशामकाची मुदत ती चिठ्ठीवर वाचायची नाही, काटा बघायची. प्रथमोपचार पेटीतली कात्री कापसावर चालवून पाहायची. तिच्या अहवालात 'समाधानकारक' हा शब्द सापडत नसे. तिथे आकडा असे.

एकसष्टावा प्रश्न असा होता: श्वाससंख्या आणि हजेरी यांत तफावत आहे काय? 'होय' लिहिले की शाळेच्या त्या तिमाहीच्या सगळ्या नोंदी रद्द होत आणि शिक्षकाच्या निलंबनाचा प्रस्ताव आपोआप तयार होई.

हवापेटी म्हणजे भिंतीवरचा डब्याएवढा संच. आत लहानसा पंप वर्गाची हवा तासभर एका ओलसर पडद्यावरून ओढतो. आपण बोलतो, वाचतो, हसतो, तेव्हा तोंडातून डोळ्यांना न दिसणारे थेंब उडतात. ते पडद्याला चिकटतात. त्या थेंबांत क्षयाच्या जंतूच्या जनुकाचा तुकडा असेल तर पेटीतले रसायन नेमका तोच तुकडा हुडकून कापते, आणि कापताना चमकते. चार तासांत उत्तर मिळते. रोगी खोकू लागण्याच्या कितीतरी आधी वर्गाची हवा चुगली करते.

माणसे मोजण्याची रीत याहून सोपी. बसलेला मोठा माणूस तासाला साधारण अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, लहान मूल त्याहून कमी. खोलीचे आकारमान आणि खिडक्यांतून येणारा वारा माहीत असला की हवेवरून माणसांचा हिशेब लागतो. हवेत नक्की कोणाचे जंतू आहेत, हे मात्र पेटीला कळत नाही. तेच तिचे मोठेपण मानले जाई.

आणि म्हणूनच वीसची अट आली होती. वर्गात वीसपेक्षा कमी श्वास असतील तर पेटी तपासते, पण निकाल कोणालाही दाखवत नाही, पुसून टाकते. चार वर्षांपूर्वी सहा मुलांच्या एका शाळेत खूण लाल झाली होती. सहापैकी कोण, हे गावाने संध्याकाळपर्यंत आपल्या मनाने ठरवून टाकले. त्या मुलाच्या घरचे दूध डेअरीने घेणे बंद केले. दीड महिन्याने ते कुटुंब गाव सोडून गेले, आणि त्यानंतर आठवड्याने कळले की जंतू दुसऱ्याच मुलाच्या छातीत होते. तो निकाल शाळेत मोठ्याने वाचून दाखवणारी सर्वेक्षक निलोफर होती. वीसची अट तिच्याच शिफारशीवरून आली. अकरा वर्षांत आपल्या हातून झालेले एक चांगले काम सांग असे कोणी म्हटले असते, तर तिने हेच सांगितले असते.

१८ नोव्हेंबरच्या सकाळी ती बामणोलीहून लाँचमध्ये बसली. कोयनेच्या पाण्यावर धुके होते. लाँचवाला जगू शेलार वाटेत दोनदा फोनवर कुजबुजला.

"गावाला कळवलंत?" तिने विचारले.

"न्हाय वो. घरी इचारलं, भाकरी झाली का."

"दोनदा?"

"बायकू ऐकतीया कुठं एकदा सांगून!"

पावणेअकराला ती शाळेच्या पायरीवर होती. एक खोली, पुढे ओटा, मागे पोषण आहाराची शेड. वर्गात अकरा मुले ओळीत बसलेली. शिक्षक हणमंत सकुंडे पन्नाशीचे, सडपातळ. "या मॅडम," एवढेच म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला.

तिने नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. पाण्याच्या टाकीला झाकण, झाकणाला कडी. अग्निशामकाचा काटा हिरव्यात. कात्रीने कापूस एका फटक्यात कापला. औषधांच्या प्रत्येक पाकिटावर मुदतीची तारीख लाल शाईने पुन्हा लिहिलेली, कारण छापलेली तारीख लहान मुलांना वाचता येत नाही.

"साप चावला तर काय करायचं?" तिने पुढच्या ओळीतल्या मुलीला विचारले. गौतमी ढेबे, चौथी.

"पाय हलवायचा न्हाय, दोरी बांधायची न्हाय, रडायचं न्हाय. येकानं जगूकाकाला फोन करायचा. दुसऱ्यानं घड्याळ बघून टाईम लिहायचा."

"वेळ कशाला लिहायची?"

"डाक्टर पहिलं तेच इचारतो," मुलगी म्हणाली. या बाईंना एवढेही माहीत नसावे, असा तिचा सूर होता.

निलोफरने आपल्या वहीत लिहिले: प्रश्न ३३, उत्तर चार सेकंदांत. या तालुक्यात तिने हा प्रश्न साठ शाळांत विचारला होता. घड्याळाचे उत्तर आजवर कोणी दिले नव्हते.

मग तिने पिशवीतून आपला कार्बन डायऑक्साइडचा हातमापक काढला. मोकळ्या हवेत, ओट्यावर, तो चारशे चाळीस दाखवत होता. वर्गात आणल्यावर आकडा एकवीसशेवर गेला. अकरा मुले, दोन उघड्या खिडक्या. एवढी मुले दिवसभर बसली असती तरी तो हजाराच्या वर गेला नसता. इथली माणसे बाहेर पडली होती, त्यांची हवा अजून आतच होती.

"गुरुजी, पाऊण तासापूर्वी इथं किती माणसं होती?"

सकुंडे गुरुजींनी खडू ठेवला. "पस्तीस. मी धरून."

"आणि ही मुलं?"

"बाहेर होती. आंब्याखाली."

मागच्या शेडकडून कोणीतरी जोरात शिंकले. वर्गातली अकराही मुले खाली मान घालून हसू लागली.

"या बाहेर," गुरुजींनी खिडकीतून हाक दिली. "मी म्हटलं होतं, लपू नका."

शेडच्या मागून माणसे येऊ लागली. लुगड्यातल्या बायका, टोपीतले म्हातारे, मुंबईच्या माथाडी कामातून सुट्टीवर आलेले तिघे, कडेवर पोर घेतलेली एक सून. सगळ्यांत पुढे खिचडी शिजवणाऱ्या पारूबाई संकपाळ, हातात पळी तशीच.

"आवं म्याडम, आमी काय चोरी केली का?" त्या म्हणाल्या. "जगू म्हनला, मोजायला बाई आलीया. आमाला वाटलं, मोठ्या मानसानं शाळंत बसणं गुन्हा आसंल. आमच्या वक्ताला तर बारक्यांनाबी कुनी बसू देत नव्हतं."

"मग बसता कशाला?"

"त्यो डबा वीस मानसांबिगर बोलत न्हाय म्हनून!"

गुरुजींनी एक वही आणून दिली. दर मंगळवारी कोण कोण बसले त्यांची नावे, सह्या, अंगठे. पहिल्या पानावर ठराव: आमच्यापैकी कोणाच्याही छातीत रोग निघाला तरी त्याचे पाणी, दूध, पंगत, काम बंद होणार नाही. खाली चौतीस जणांच्या खुणा. गावात तेव्हा हजर असलेले झाडून सगळे मोठे.

"दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सुमन होती," गुरुजी म्हणाले. ते हळू, सलग बोलत होते, एखादी गोष्ट अनेकदा अर्जात लिहिलेल्या माणसासारखे. "तिसरीत. खोकला नव्हता. नुसती वाळत होती. ही पेटी तिच्या डोक्यावर सात महिने चालू होती. सात महिने पेटीला कळत होतं आणि ती पुसत होती. शेवटी पाठीच्या मणक्यात निघालं. आता ती पुण्याला मामाकडे असते. काठीशिवाय चालत नाही."

"मुलांना तालुक्याला न्यायचं."

"दोनदा नेली, लाँच भाड्यानं करून. खोकला नाही, ताप नाही, परत पाठवलं. लहान मुलाला थुंकी काढता येत नाही. सगळ्यांचा एक्स-रे काढायला पेटीचा लाल संकेत लागतो. आणि आमची पेटी कधी संकेतच देणार नाही, कारण आम्ही अकरा."

निलोफरने वही पुन्हा चाळली. आता तिला मंगळवारांचा क्रम दिसू लागला. पहिल्या मंगळवारी मुले, गुरुजी आणि एकोणीस मोठे. खूण लाल. दुसऱ्या मंगळवारी मुले, गुरुजी आणि उरलेले पंधरा मोठे. पुन्हा लाल. आज मुलांशिवाय सगळे मोठे.

"म्हणजे आज लाल झाली तर आमच्यातला कोणीतरी," गुरुजी म्हणाले. "हिरवी राहिली तर..." त्यांनी मुलांकडे बघितले नाही. "चौथीला गटांची गणितं असतात. ती आम्ही फळ्यावरच सोडवली."

"गुरुजी, वीसची अट लोकांना वाचवायला आहे. तुम्ही ती वळसा घालून मोडलीत. गट पाडत गेलं की शेवटी एकाच माणसाचं नाव उरतं."

"वीसच्या खाली आम्ही एकदाही गेलो नाही, मॅडम. आणि नाव कुठं थांबवायचं, ते आम्ही ठरवलंय. मुलं की मोठे, एवढंच. पुढं गट पाडायचे नाहीत."

ती ओट्यावर जाऊन बसली. तिच्या अटीमुळे पुन्हा एकही कुटुंब गावातून उठले नव्हते, हे खरे होते. आणि तिच्याच अटीखाली एक मुलगी सात महिने वाळत गेली, हेही आता खरे होते. तिने देशमान्यांना फोन लावला आणि सगळे सांगितले.

"माणूस चांगला आहे, मान्य," पलीकडून आवाज आला. "पण तफावत आहे की नाही?"

"आहे."

"मग होय लिहा."

"होय लिहिलं की लाल नोंदी रद्द. पथक येणार नाही."

"मॅडम, आज यांना सूट दिली तर उद्या खोटा पट करणारा प्रत्येक जण म्हणेल, आम्हीही आरोग्यासाठीच माणसं बसवली होती. तुम्हालाच ते सांगायची वेळ यावी?"

ते बरोबर बोलत होते. तिला राग आला तो त्याचाच.

अडीच वाजता सगळे गाव ओट्याभोवती होते. पेटीवरची खूण दोनदा लुकलुकली आणि हिरवी राहिली.

गुरुजी धरून पस्तीस मोठ्या माणसांच्या छात्या स्वच्छ होत्या, म्हणजे उरली अकरा मुले. अशा वेळी माणसाची नजर आपोआप मुलांवर जाते. कोण बारीक, कोण निस्तेज, ते शोधू लागते. निलोफरने चार वर्षांपूर्वी ते पाहिले होते. इथे एकही मान वळली नाही. कोणी जमिनीकडे बघत होते, कोणी पाण्याकडे. माथाडीतला एक उंच माणूस नखाने ओट्याचा पोपडा काढत राहिला. त्याची दोन मुले त्या अकरांत होती. हे न बघणे त्यांनी आधी ठरवून घेतलेले होते, आणि ते किती कठीण आहे हे त्यांच्या मानांवरून दिसत होते.

"खिचडी गार व्हाया लागली," पारूबाई म्हणाल्या, आणि एका पातेल्यातून, एका पळीने, अकराही ताटल्यांत वाढून मोकळ्या झाल्या. ताटल्या भरेपर्यंत त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. मग त्यांनी त्याच पळीने स्वतःच्या तळहातावर घेऊन खाल्ली. "मीठ बेस झालंय."

निलोफर उठली. "गुरुजी, शाळेच्या सरकारी नोंदीत कोणाकोणाची नावं आहेत? मुलं सोडून."

"मी. पारूबाई. अंगणवाडी सेविका. आरोग्य खात्याच्या आशाताई. व्यवस्थापन समितीचे चौघे सदस्य."

"आठ. मुलं धरून एकोणीस." तिने बोटांवर मोजले. "सर्वेक्षकाला जागेवर एक पडताळणी नोंद घेता येते. माझ्या शिक्क्याची. शाळेच्या बाकीच्या नोंदी रद्द झाल्या तरी ती रद्द होत नाही. फक्त नोंदीतल्याच माणसांची हवी. आणि किमान वीस."

"एक कमी पडतो," गुरुजी म्हणाले.

"सर्वेक्षक नोंदीतलाच असतो."

तिने चपला काढल्या आणि दुसऱ्या ओळीत, गौतमीच्या शेजारी, सतरंजीवर मांडी घातली. पारूबाई तिच्या मागे टेकल्या.

"म्याडम, तुमचाच निघाला तर?"

"तर तुमच्या ठरावात माझं नाव घाला."

"घालू की. पर अंगठा उमटवावा लागंल, सही चालायची न्हाय!"

वर्ग हसला. गुरुजींनी तास घेतला: हात कसे धुवायचे, खोकताना तोंड कोपरात का धरायचे, क्षय हवेतून येतो पण ताटातून येत नाही. मुलांनी पाठ मोठ्याने वाचला, कारण मोठ्याने वाचले की थेंब जास्त उडतात, हे त्यांना शिकवलेले होते. पावणेचारला पंप थांबला. जगू शेलारने लाँच दहा मिनिटे उशिरा सोडली आणि वाटेत एकदाही फोन केला नाही.

निकाल तिला संध्याकाळी पावणेआठला, साताऱ्याच्या एसटीत बसलेली असताना मोबाइलवर आला. वीस श्वास, नोंदीत वीस नावे, तफावत नाही. खूण लाल.

तिने अहवाल त्याच जागी पुरा केला. आधी आपली पडताळणी नोंद दाखल केली. मग प्रश्न एकसष्टासमोर, तिन्ही मंगळवारांच्या सकाळच्या नोंदींसाठी, 'होय' लिहिले. खोटे तिने लिहिले नाही. शेऱ्याच्या चौकटीत दोनशे अक्षरांची मर्यादा होती. तिने लिहिले: "जादा श्वास मोठ्या माणसांचे. स्वेच्छेने बसले. यादी जोडली आहे. वीसची अट लहान शाळांना आंधळे करते. ती मीच सुचवली होती. ती बदलावी."

देशमाने सकाळी म्हणाले, "मॅडम, त्या वीसांत तुम्ही स्वतः बसलात. याची चौकशी तुमच्यावर लागेल."

"लागू दे. तारीख कळवा."

शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला, पडताळणी नोंदीच्या आधारे पथक लाँचने करंजमुऱ्यात उतरले. अकराही मुलांचे एक्स-रे निघाले. एका मुलाला रोगाची सुरुवात होती; नाव फक्त डॉक्टरांच्या आणि त्या घराच्या कागदात आहे. सहवासातल्या बाकीच्या दहांनाही प्रतिबंधक औषध द्यायचे असते. सगळ्यांच्या गोळ्या एकसारख्या डब्यांत भरून द्याव्यात, अशी गुरुजींनी विनंती केली आणि डॉक्टरांनी ती मानली. आता रोज प्रार्थनेनंतर अकरा मुले ओळीत उभी राहतात आणि अकराही गोळ्या घेतात. कोणाची कशासाठी, ते ओळ बघून कळत नाही. गावात कोणी विचारलेले नाही.

हणमंत सकुंडे यांच्या निलंबनाच्या प्रस्तावावर मंगळवारी, २ डिसेंबरला जिल्हा परिषदेत सुनावणी झाली. निलोफर मुलाणी यांची साक्ष सतरा मिनिटे चालली. वर्गात बसलेली माणसे बोगस होती का, या प्रश्नाला त्यांनी "नाही" असे उत्तर दिले. नियम मोडला का, या प्रश्नाला "होय". निर्णय राखून ठेवला आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी कक्षाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी काढली. वीसच्या वर श्वास नोंदवणारी अशी शाळा महिन्यापूर्वी जिल्ह्यात एकच होती. आता त्रेचाळीस आहेत. त्यांतल्या सहा शाळांत खूण लाल झाली आहे. त्या नोंदी धरायच्या की रद्द करायच्या, हे अजून ठरलेले नाही.